चुकांच्या वहीतली अकरावी नोंद

४ जानेवारी

प्रिय खुडबुड्या,

फाडायच्या आधी एवढं वाच: हे घरगुती पत्र नाही, नगरपालिकेच्या कामाचं आहे. सोबत एक निमंत्रण जोडलं आहे. आपल्या नगरपालिकेने वेबसाइट ओपन सोर्स केली. म्हणजे काय हे मी तुला समजावून सांगणं म्हणजे विनोदच आहे, पण मला ते कळायला तीन आठवडे लागले, तेव्हा माझी हौस भागवू दे. वेबसाइटचा सगळा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. कुणीही बघावा, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्ती करून पाठवावी. दुसऱ्या कुणीतरी ती तपासायची आणि मग ती वेबसाइटवर जायची. पगार नाही, हुद्दा नाही. नुसती हौस.

हे करायला स्वयंसेवक बोलवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बैठकीत साहेबांनी विचारलं, "कोण घेणार हे?" तेव्हा बाकी सगळे हुशारीने आपापल्या चपलांकडे बघत बसले आणि मी बिस्किटाकडे बघत होते. मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघताहेत. झालं.

मग मी निमंत्रण लिहिलं. आता हसू नकोस. "शहरातील सर्व सुजाण नागरिकांस या पत्रान्वये कळविण्यात येते की, नगरपालिकेच्या संकेतस्थळाच्या विकासकार्यी स्वेच्छेने योगदान देऊ इच्छिणाऱ्यांनी विहित नमुन्यात अर्ज सादर करावा." पंधरा दिवस फलकावर लावलंय. सगळा मिळून एकच माणूस आला. त्याला त्याच्या गल्लीतलं गटार तुंबल्याची तक्रार करायची होती. विहित नमुना मात्र त्याने छान भरला होता.

पूर्वी मी असलं काही लिहिलं की तू कागद ओढून घ्यायचास आणि म्हणायचास, "ताई, हे माणसांसाठी आहे की कपाटासाठी?" तेव्हा मला तुझा असा काही राग यायचा! आता कुणी कागद ओढत नाही. हा कागद तुझ्याकडे पाठवतेय. दुरुस्त करून दिलास तर उपकार होतील. आणि तू स्वतः स्वयंसेवक झालास तर... पण ते राहू दे. ती वेबसाइट पहिल्यांदा उभी केली ती तूच. तिची खडा न् खडा माहिती तुला आहे, म्हणून विचारलं, एवढंच.

जुन्या प्रकरणाबद्दल मी काही लिहिणार नाही. सहा वर्षं झाली. चूक कुणाच्याही हातून होते.

बाबा बरे आहेत. दर रविवारी तू त्यांना फोन करतोस तेव्हा स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत असेल. ती मीच. भांडी घासलेलीच असतात.

तुझी ताई
(खाली विभागप्रमुखाचा शिक्का सवयीने मारला गेला. नवा कागद घ्यायचा कंटाळा आला.)


२७ जानेवारी

प्रिय खुडबुड्या,

तुझं पत्र आलं नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी, रविवारी, फोन ठेवल्यावर बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "तो म्हणतोय, आधी विहित नमुना काढून टाक म्हणावं." मी विचारलं, आणखी काय म्हणाला? बाबा म्हणाले, "एवढंच." मी तीन वेळा विचारलं. मग ते चिडले.

एवढंच तर एवढंच. सहा वर्षांत तू मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य आहे, आणि त्यातही तू मला शिकवतोयस. मला इतका आनंद झाला की मी उरलेली भांडीही घासली.

निमंत्रण पुन्हा लिहिलं. या वेळी ओट्याशी उभी राहून, मनात येईल तसं. "तुमच्या थांब्यावर बस खरंच किती वाजता येते? आम्हाला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. दवाखान्याचा फोन लागत नाही? वेबसाइटवरचं अक्षर दिसत नाही? शनिवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या तळमजल्यावर या आणि आमच्या चुका काढा. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. चहा आहे." साहेबांनी वाचून भुवया चढवल्या. "आमच्या चुका काढा? नगरपालिका असं लिहिते का कधी?" मी म्हटलं, साहेब, लोक त्या एरवीही काढतातच, निदान आपल्यासमोर काढतील.

नऊ जण आले! त्यात एक कोड लिहिणारा दाढीवाला आहे. नाव सांगितलं होतं त्याने, पण सगळे दाढीवालाच म्हणतात आणि तोही ओ देतो. दुसरे म्हणजे बसमधून निवृत्त झालेले कंडक्टरकाका. त्यांना कॉम्प्युटर सुरू करता येत नाही, पण एकशे चाळीस थांबे डोळे मिटून क्रमाने म्हणून दाखवतात. मध्येच थांबवलं तर पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून आम्ही थांबवत नाही.

आणि नववे कोण म्हणशील तर बाबा. "मी काय करू तिथे येऊन?" म्हणत होते. दाढीवाल्याने त्यांना पडद्यासमोर बसवून विचारलं, "काका, घरपट्टीची पावती शोधून दाखवा." बाबांनी दहा मिनिटं शोधलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे जर सापडू नये म्हणूनच ठेवलं असेल तर छान ठेवलंय." सगळे हसले. दाढीवाला मात्र वहीत लिहून घेत होता. त्याने तिथल्या तिथे अक्षर मोठं केलं, पावतीचं बटण वर आणलं आणि त्या बदलाखाली 'कुणी सुचवलं' म्हणून बाबांचं नाव घातलं. आता बाबांनी आमच्या जिन्यातल्या प्रत्येकाला ते पान दाखवलंय. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दोनदा.

दाढीवाल्याचे दोन नियम आहेत. पहिला, आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही. साहेबांनी केलेला असला तरी दुसऱ्याने तपासायचाच. दुसरा नियम ऐकून मी हबकलेच. वेबसाइटवर एक पान आहे, त्याला सगळे 'चुकांची वही' म्हणतात. आपल्या वेबसाइटमुळे लोकांना चुकीची माहिती गेली, तर ज्याच्या हातून गेली त्यानेच तिथे लिहायचं. काय चुकलं, कुणाला त्रास झाला, का चुकलं, आता काय करतो. सगळ्यांना दिसेल असं! आणि त्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाने 'असंच झालं होतं' म्हणून दुजोरा द्यायचा. मगच ती नोंद पक्की होते.

मी म्हटलं, अहो, आमच्याकडे चुकांना कपाटं असतात, कुलपासकट. तो म्हणाला, "म्हणून त्या परत परत होतात." कंडक्टरकाकांनी पहिल्याच शनिवारी एक थांबा रस्त्याच्या भलत्या बाजूला लावला. पाच माणसं उन्हात तिष्ठत बसली. काकांनी वहीत सांगून लिहवून घेतलं, "माझी चूक. बस परत येते ती बाजू सांगितली." खाली त्यांचं नाव. आणि कुणी त्यांना खाऊन टाकलं नाही. उलट चहा दिला.

घरी येताना मी दोन थांबे पुढे गेले. चहा जास्त झाला असेल.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

आता आम्ही सव्वीस जण आहोत. वाचनालयाच्या खुर्च्या पुरत नाहीत म्हणून दोघं जण पुस्तकांच्या शिडीवर बसतात. बाबांनी स्वतःला 'मुख्य न दिसणारा' असा हुद्दा घेतलाय. रविवारी त्यांनी तुला अर्धा तास हेच सांगितलं असणार. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तो विचारत होता, कोड कुठे ठेवलाय म्हणून." मी पत्ता एका चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी चिकटवलाय. पुढच्या रविवारी बाबांनी सांगितला नाही तर मी त्यांना चष्मा देणार नाही.

हे पत्र खरं तर तिथेच संपवणार होते. पण काल जे झालं ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

काल एक सिस्टर आल्या, नदीकडच्या सूतिकागृहातल्या. आपल्या वेबसाइटवर त्यांचा फोन नंबर जुना आहे, तो बदलायला. पन्नाशीच्या आहेत, बोलायला एकदम सडेतोड. दाढीवाला त्यांना कौतुकाने दाखवत होता की नव्या वेबसाइटमध्ये आम्ही जुन्या वेबसाइटचा सगळा इतिहास आणलाय. पहिल्या दिवसापासून कुणी, कधी, कोणता शब्द बदलला ते सगळं. सिस्टर म्हणाल्या, "मग ते सहा वर्षांपूर्वीचं पाणी बंदचंही असेल की."

त्याने शोधलं. अर्धं मिनिट लागलं. पाणी बंद राहणार चौदा तारखेला, वेबसाइटवर पंधरा. आणि शेजारी तुझं नाव.

सिस्टर खाली वाकून वाचत होत्या. म्हणाल्या, "हाच तो. या मुलाला मला एकदा भेटायचंय. आम्ही टाक्या चौदाच्या संध्याकाळी भरणार होतो. चौदाच्याच सकाळी सातला नळ कोरडे. तीन मजले बादल्या वाहिल्या आम्ही. दोन बायांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलं, त्यातली एक गाडीतच बाळंत झाली. बाळ आणि आई वाचले ते नशीब. एक आकडा नीट टाकता येत नव्हता याला?"

दाढीवाला म्हणाला, "एका आकड्याचीच चूक आहे हो, कुणाचीही होते." माझंच वाक्य. तुला लिहिलेलं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते किती फुकटचं वाक्य आहे ते कळलं.

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी तुझं नाव वाचलं. अक्षर मोठं केलंय ना आता, त्यांना सगळं दिसतं. मग चष्म्याच्या काचा पुसत बसले.

मी चहा ओतायला उठले. किटली रिकामी होती, तरी ओतत राहिले.

ताई


१२ फेब्रुवारी

खुडबुड्या,

आज रजा टाकलीय आणि खोलीचं दार लावून बसलेय. आता वेडंवाकडं जसं येईल तसं लिहिते.

ती तारीख मी भरली होती.

हे तुला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण तू त्या दिवशी कचेरीत नव्हतासच. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू गेला होतास. तुझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "ताई, पाणीखात्याचा कागद येईल, तेवढा भरून टाक." कागद दुपारी आला. त्याआधी मी पंधरा तारखेची दुसरी एक सूचना भरली होती, तीच समोर उघडी होती. मला बाबांना ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणायच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं. मी वरचा मजकूर बदलला, तारीख तशीच राहिली. एकदा वाचून बघायला हवं होतं. एकदा. मी पर्स उचलली आणि निघाले.

हे चुकीचं झालं. पण खरं वाईट मी त्यानंतर वागले.

चौकशीच्या खोलीत साहेबांनी विचारलं, "ही नोंद कुणी केली?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी फायलीत पाहिलं. त्या आठवड्यात विभागप्रमुखपदाच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं. मी मनात म्हणत होते, आत्ता बोलते, हे वाक्य संपलं की बोलते. आणि तू म्हणालास, "माझ्या नावावर आहे म्हणजे माझीच." तुझा आवाज अगदी साधा होता. तुला काढून टाकलं. तू महिन्याभरात शहर सोडलंस. मी खुर्चीवर बसले.

लोकांना वाटतं आपण पैशावरून भांडलो. नात्यातल्यांना मी तसंच वाटू दिलं. बाबांनाही मी सांगितलं नाही. त्यांना वाटत आलंय की तुझ्या हातून चूक झाली, तू मनाला लावून घेतलंस आणि माझा तुझ्यावर राग आहे. माझा तुझ्यावर राग! काय म्हणावं मला.

मला वाटायचं, तू फोनवर मला मागशील, मला चार शिव्या देशील आणि मग मी रडेन आणि सगळं सुरळीत होईल. म्हणजे तेही तूच करायचं! मी नुसती भांडी आपटणार. लहानपणी तुझ्या चुका मी स्वतःवर घ्यायचे असं मी सगळ्यांना मिरवून सांगते. एकदा घेतली होती, काचेची. त्या एका काचेवर मी चाळीस वर्षं ताईपण मिरवलंय.

तुझी फार आठवण येते रे. आणि मला तुझी माफी मागायची आहे. हे वाक्य मी सहा वर्षं लिहायचं टाळलं. लिहिलं तर इतकं छोटं दिसतंय.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

पत्रातून माफी मागणं सोपं असतं, ते फक्त तुला दिसतं. चूक मात्र तुझ्या नावाने अख्ख्या शहराला दिसतेय. म्हणून तुला ते पत्र लिहिलं त्याच आठवड्यात, शनिवारी, मी चुकांच्या वहीत नोंद केली. अकरावी. दाढीवाल्याने मदत करू का विचारलं. मी म्हटलं, हे एक मला येतं.

अशी आहे: "काय चुकलं: पाणी चौदा तारखेला बंद राहणार होतं, वेबसाइटवर पंधरा लिहिलं. कुणाच्या हातून: माझ्या. नोंद माझ्या भावाच्या नावावर आहे, कारण मी त्याच्या नावाने वेबसाइट उघडली होती. कुणाला त्रास झाला: सूतिकागृहातल्या बायकांना, तिथल्या सिस्टरना, आणि माझ्या भावाला, ज्याची नोकरी गेली. का चुकलं: मी भरलेलं परत वाचलं नाही. नंतर विचारल्यावर मी गप्प बसले. आता काय करतो: तारीख दोन माणसं वाचल्याशिवाय जात नाही. आणि मी गप्प बसत नाही." खाली माझं नाव, हुद्द्यासकट.

विहित नमुना कुठेच नाही, बघितलंस?

सोमवारी साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. "बाई, जुनी मढी कशाला उकरताय? तुमची चार वर्षं राहिली आहेत." मी म्हटलं, साहेब, मढं नाही ते, माझा भाऊ आहे, जिवंत आहे. ते बराच वेळ पेन उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "त्या नोंदीला अजून कुणी दुजोरा दिलेला नाही. तोवर मी ते पान पाहिलेलं नाही. दुजोरा मिळाला की मला चौकशी लावावीच लागेल, आणि मग ही खुर्ची राहणार नाही." वाईट माणूस नाहीत ते. मला पळायला दार उघडं ठेवत होते.

तर आता गंमत बघ. त्या वेळी हजर असलेल्या माणसाने दुजोरा द्यायचा, असा नियम. हजर कोण होतं? पासवर्ड दिला तो तू आणि घेतला ती मी. तिसरं कुणी नाही. नोंदीवर लिहून येतंय, "दुजोऱ्याची वाट पाहत आहे." मी दिवसातून वीस वेळा बघते. कचेरीत शिपाईसुद्धा विचारायला लागलाय, "आलं का हो मॅडम?"

तू दुजोरा दिलास तर माझं काय होईल, त्याचा विचार करू नकोस. असं लिहून मी परत तुझ्याच डोक्यावर ओझं ठेवतेय का? ठेवतेय बहुतेक. पण मला दुसरा रस्ता सापडत नाही. नाही दिलास तरी मी समजून घेईन. नाही, खोटं लिहिलं. समजून घेणार नाही, रडेन. पण तुझ्यावर रागावणार नाही.

सिस्टर परवाच्या शनिवारी आल्या होत्या. त्यांनी नोंद वाचली होती. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "सहा वर्षं मी भलत्याच माणसावर दातओठ खात होते." मी म्हटलं, माझ्यावर खा. त्या म्हणाल्या, "त्याला मला जरा वेळ द्या." मग त्यांनी पिशवीतून सगळ्या दवाखान्यांच्या नंबरांची यादी काढली आणि आम्ही दोघींनी एकेक नंबर लावून तपासला. एकमेकींकडे न बघता. सतरा लागले, चार बंद होते.

ताई


९ मार्च

माझ्या खुडबुड्या,

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी कचेरीत बसले होते तेव्हा नोंदीपुढचे शब्द बदलले. 'दुजोरा दिला' नव्हे. 'नोंद अपूर्ण आहे, बदल हवा.' आणि तुझं नाव.

मला वाटलं, तू म्हणणार, आता कशाला हे नाटक. मी पडद्यावर हात ठेवून बसले होते. शिपायाने पाणी आणून दिलं. मग हात काढला आणि वाचलं.

तू लिहिलेलं मला आता पाठ आहे, तरी इथे उतरवते, माझ्या अक्षरात कसं दिसतं ते बघायला. "यात दोन गोष्टी राहिल्या आहेत. एक, पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही हा नियम मीच केला होता, आणि मीच तो मोडला. दोन, चौकशीत मी खोटं बोललो. लोकांना वाटेल, बहिणीसाठी केलं. तसं नव्हतं. मला राग आला होता. ती बोलत नाही म्हटल्यावर मी ठरवलं की हे तिच्या मनावर जन्मभर राहू दे. तिला सांगायला एक फोन पुरला असता. मी सहा वर्षं दर रविवारी फोन केला आणि तिला बोलावलं नाही. हे घातलं तर नोंद पूर्ण होईल."

नालायका! कचेरीत, सगळ्यांसमोर, भर दिवसा मला असं रडवलंस! शिपायाला वाटलं माझी खुर्ची गेली. मी त्याला म्हटलं, गेलीच रे, आणि हसायला लागले, तर तो घाबरून साहेबांना बोलवायला धावला.

तू किती दुष्टपणा केलास ते वाचून मला बरं का वाटावं? इतकी वर्षं मी तुला देवमाणूस करून ठेवलं होतं आणि स्वतःला काळतोंडी. देवमाणसाला पत्र लिहिणं फार अवघड असतं. तू रागावला होतास, दुष्टपणा करत होतास, माझ्यासारखाच चुकत होतास, हे कळल्यावर माझा भाऊ मला परत मिळाला.

तुझे दोन्ही मुद्दे मी जसेच्या तसे घातले. पण त्यांच्याखाली नाव तुझं आहे, म्हणजे त्यांना दुजोरा तुला देता येत नाही. हजर असलेलं माणूस लागतं. मी हजर होते. मी दिला. पाच मिनिटांनी माझ्या भागाला तू दिलास. म्हणजे त्या पाच मिनिटांत तू तिकडे, मी इकडे, एकाच पानाकडे बघत बसलो होतो. नोंद पक्की झाली.

साहेबांनी चौकशी लावली. त्यांना लावावीच लागली. खुर्ची सोमवारपासून दुसऱ्या बाईंना दिलीय. मला खाली चौकशीच्या खिडकीवर पाठवलंय. तिथे लोक येऊन ओरडतात, पण निदान काम करून मोकळे होतात. शनिवारच्या मंडळींचं काय, असं मी साहेबांना विचारलं, कारण ते काम विभागप्रमुखाचं. ते म्हणाले, "ते नोकरीत नव्हतंच कधी. स्वयंसेवकाला मी कसा काढणार?" तर मी गेले. कंडक्टरकाकांनी मला बघून टाळ्या वाजवल्या आणि थांबे म्हणायला सुरुवात केली. सिस्टर माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. पण काल माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती.

दाढीवाल्याला तुझी दुरुस्ती फार आवडली. म्हणाला, "यांना बोलवा ना, आपल्याला तपासायला असा माणूस हवा." मी म्हटलं, अहो, जानेवारीपासून बोलावतेय.

काल संध्याकाळी अख्खी नोंद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. तुझं, माझं, सगळं. एक शब्द गाळला नाही. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे माझ्या डोळ्याच्या दिवशी?" मी म्हटलं, हो. मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार, आणि निघायलाच हवी होती. ते पाठमोरेच म्हणाले, "तो जेवायला कधी येतोय, ते लिहिलंय का त्यात?"

मी म्हटलं, बाबा, ते तिथे लिहीत नाहीत.

म्हणून इथे लिहिते. ये.

तुझी
ताई